जर्मनीत एक्स्चेंजचं वर्ष: तयारीची सुरुवात परतीच्या तारखेपासून

परदेशातल्या विद्यापीठात एक वर्ष शिकायला जायचं म्हटलं की घरात तिकिटाची, थंडीच्या कपड्यांची आणि जेवणाची चर्चा सुरू होते. ती होऊ द्या, पण त्यात फार वेळ घालवू नका. एक्स्चेंजचं वर्ष बिघडतं ते बहुतेक वेळा परत आल्यावर. तिकडे मेहनतीनं पास झालेले विषय इकडच्या मार्कशीटवर चढत नाहीत, परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत टळून गेलेली असते, हजेरी कमी भरते, आणि चांगल्या अभ्यासू मुलाचं वर्ष कागदावर कोरं दिसतं. जायच्या आधी चार सह्या घेतल्या असत्या तर यातलं बरंचसं टळलं असतं. म्हणून इथे आधी परतीचा हिशेब मांडला आहे, मग जाण्याचा.

उदाहरण जर्मनीचं घेतलं आहे, कारण महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांचे आणि अभियांत्रिकी संस्थांचे तिथल्या विद्यापीठांशी करार आहेत. फ्रान्स किंवा जपानला जाणार असाल तर आकडे आणि कार्यालयांची नावं बदलतील, कामांचा क्रम साधारण हाच राहील.

एक्स्चेंज म्हणजे नेमकं काय

एक्स्चेंजवर जाताना तुम्ही आपल्याच कॉलेजचे किंवा विद्यापीठाचे विद्यार्थी राहता. फी इथे भरता, पदवी इथलीच मिळते आणि तिथे शिकवणी शुल्क माफ असतं. ही माफी दोन संस्थांमधल्या करारामुळे मिळते. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो शुल्क आहे, पण करारानुसार आलेल्या एक्स्चेंज विद्यार्थ्याला ते द्यावं लागत नाही. करार नसताना स्वतःच्या ओळखीनं किंवा थेट अर्ज करून गेलात तर त्याला 'फ्री मूव्हर' म्हणतात. त्यात शुल्क लागू शकतं आणि क्रेडिटची जबाबदारी कुणीच घेत नाही. पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्याला मी हा मार्ग सुचवणार नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आपल्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय संबंध कक्षात जाऊन करारांची यादी मागणं. यादीत विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. करार तुमच्या विभागासाठी लागू आहे का, तो चालू आहे का, आणि वर्षाला किती जागा आहेत, हे तिन्ही विचारा. सामंजस्य करारावर सह्या झाल्या आणि पुढे एकही विद्यार्थी गेला नाही, असं बऱ्याच ठिकाणी होतं. मागच्या दोन-तीन वर्षांत गेलेल्या एखाद्या सीनियरचा नंबर कक्षातून मिळाला तर तो करार जिवंत आहे असं समजा.

परत आल्यावर काय मोजलं जाणार?

शहर निवडण्याआधी हा प्रश्न सोडवायचा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण तयारीतला निम्मा वेळ इथेच गेला पाहिजे.

युरोपात अभ्यासाचं माप ईसीटीएस क्रेडिटमध्ये असतं: सेमिस्टरला ३० आणि वर्षाला ६०. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, ज्यात तासिका, वाचन आणि परीक्षेची तयारी सगळं आलं. आपल्याकडे राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाला ४० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे ३० तास. म्हणजे ढोबळमानानं तिकडचे दीड क्रेडिट म्हणजे इकडचा एक. पण हे तुम्हाला कळून उपयोग नाही, तुमच्या परीक्षा विभागाला ते मान्य असलं पाहिजे. तिकडचा पाच क्रेडिटचा विषय इकडे तीनचा धरणार की चारचा, हे आधी लेखी घ्या.

त्यासाठी जो कागद करतात त्याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात. त्यावर विद्यार्थी, आपली संस्था आणि तिकडची संस्था अशा तिघांच्या सह्या असतात. आपल्याकडून बहुतेक वेळा विभागप्रमुख सही करतात आणि सगळ्यांना वाटतं की काम झालं. पण मार्कशीट विभागप्रमुख छापत नाहीत. परीक्षा विभाग, आणि जिथे लागेल तिथे अभ्यास मंडळ, यांची मंजुरी मिळाल्याशिवाय तो कागद अर्धा आहे. स्वायत्त कॉलेज, अभिमत किंवा खासगी विद्यापीठ असेल तर हे तुलनेनं लवकर होतं. संलग्न कॉलेजात असाल तर फाईल विद्यापीठापर्यंत जाते, म्हणून तिथल्या मुलांनी सगळ्यात आधी कामाला लागायला हवं.

लर्निंग ॲग्रीमेंटसोबत एक साधा तक्ता स्वतः तयार करा. डावीकडे आपल्या अभ्यासक्रमातला विषय, त्याचा कोड आणि क्रेडिट. उजवीकडे त्याऐवजी तिकडे घ्यायचा विषय. प्रत्येक विषयाला एक पर्यायी विषयही लिहा, कारण जर्मन विद्यापीठांचं पुढच्या सेमिस्टरचं वेळापत्रक सेमिस्टर तोंडावर आल्यावर येतं. तोवर तुम्ही मागच्या वर्षीच्या यादीवरून अंदाज बांधत असता. तिथे पोचल्यावर एखादा विषय त्या सेमिस्टरला नसतो, एखाद्याची वेळ दुसऱ्या विषयाच्या वेळेवर येते. पर्याय आधीच मंजूर असेल तर एका ईमेलवर काम भागतं.

गुणांचं रूपांतर हा यातला सगळ्यात नाजूक भाग. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी असते, ४.० ला पास आणि ५.० ला नापास. आपल्या दहाच्या सीजीपीएची सवय असलेल्या लिपिकाच्या हातात १.७ लिहिलेलं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे तिकडचं गुणपत्रक, पडलं तर काय होईल याचा विचार करा. भारतीय गुण जर्मन श्रेणीत बदलायला तिकडे 'मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला' वापरतात. उलट दिशेनं, म्हणजे जर्मन श्रेणीवरून आपला ग्रेड काढायला, तुमच्या विद्यापीठाचं सूत्र काय आहे ते आधीच विचारा. सूत्र नसेल तर 'फक्त उत्तीर्ण' अशी नोंद करून सीजीपीएच्या बाहेर ठेवता येईल का तेही विचारा. काही संस्था हे करतात, आणि तिकडे पहिल्या सेमिस्टरला गुण थोडे घसरतात हे लक्षात घेता तो चांगला तोडगा आहे.

संस्थेनं लेखी द्यायला नकार दिला तर? तर पूर्ण वर्षाचा बेत सोडून एका सेमिस्टरचा विचार करा, किंवा प्रकल्प अथवा इंटर्नशिपचे क्रेडिट तिकडून मिळवता येतात का ते पाहा. 'जाऊन तर ये, आल्यावर बघू' असं कुणी कितीही आपुलकीनं सांगितलं तरी त्या भरवशावर वर्ष लावू नका. सांगणारे सर पुढच्या वर्षी त्या पदावर असतीलच असं नाही.

दोन कॅलेंडरं एकमेकांवर ठेवून पाहा

जर्मनीत हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असतं. प्रत्यक्ष वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणि पुढे एप्रिलपासून जुलैच्या मध्यापर्यंत चालतात. परीक्षा वर्ग संपल्यावर. आपल्याकडे जून-जुलैत वर्ष सुरू होतं. म्हणजे वर्षभर राहून ऑगस्टच्या सुरुवातीला परतलात तरी पुढचं सेमिस्टर सुरू होऊन महिना उलटलेला असतो. ७५ टक्के हजेरीचा नियम जिथे कडक आहे तिथे या बुडालेल्या दिवसांची सूट आधीच अर्ज करून घ्यावी लागते. जातानाही तेच: जुलै ते सप्टेंबर तुम्ही कॉलेजात बसायचं की नाही, त्या सेमिस्टरची फी आणि परीक्षा यांचं काय, हे ठरवून जा.

मानहाइम विद्यापीठ याला अपवाद आहे. तिथे शरदातले वर्ग सप्टेंबर ते डिसेंबर आणि वसंतातले फेब्रुवारी ते मे असे चालतात. आपल्या वेळापत्रकाशी ते बरंच जुळतं, त्यामुळे कॉमर्स, मॅनेजमेंट आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यादीत मानहाइम असेल तर त्याकडे आधी पाहावं.

कोणत्या वर्षी जावं यावर माझं मत स्पष्ट आहे. चार वर्षांच्या पदवीत तिसरं वर्ष, तीन वर्षांच्या पदवीत दुसरं. शेवटच्या वर्षी गेलात तर कॅम्पस मुलाखती बुडतात आणि निकालाला उशीर झाला तर पदवीच लटकते. केटी किंवा बॅकलॉग शिल्लक असेल तर आधी तो निपटवा. पुनर्परीक्षेच्या दिवशी तुम्ही हायडलबर्गला असाल तर तो पेपर तसाच राहील.

भाषा, आणि इंग्रजीतल्या विषयांचा गैरसमज

जर्मनीत इंग्रजीतून शिकवतात हे खरं, पण इंग्रजीतले विषय प्रामुख्यानं पदव्युत्तर पातळीवर आहेत. पदवीच्या पातळीवर अनेक विभागांत मोजकेच विषय इंग्रजीत असतात, आणि तेही नेमके तुम्हाला हवे तेच असतील असं नाही. म्हणून वरचा तक्ता करताना प्रत्येक विषयापुढे शिकवण्याची भाषा लिहा. विषयाच्या पानावर शीर्षक इंग्रजीत असतं आणि वर्ग जर्मनमधून, असंही दिसतं.

वर्ग इंग्रजीत असले तरी ए२ पातळीपर्यंतचं, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरतं, जर्मन करून जा. घरमालकाचं पत्र, दवाखान्यातली पाटी, पालिकेचा फॉर्म, सगळं जर्मनमध्ये असतं. पुण्यात बोट क्लब रोडवरचं आणि मुंबईत काळा घोड्याचं मॅक्सम्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. एक वर्ष आधी सुरुवात केली तर कॉलेज सांभाळून ए२ आरामात होतं. जर्मनमधून शिकायचं असेल तर बी२च्या आसपासची तयारी लागते आणि त्याला जास्त वेळ द्यावा लागेल.

ऑक्टोबरला जायचं असेल तर

आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात आंतरराष्ट्रीय कक्षाला भेटा आणि भाषेचा वर्ग लावा. दिवाळीपर्यंत दोन-तीन विद्यापीठं नक्की करून विषयांचा तक्ता तयार असावा. हिवाळ्यात संस्थेची अंतर्गत निवड होते: गुण, हेतुपत्र, मुलाखत. हेतुपत्रात जर्मनीची स्तुती लिहू नका. तिथे कोणते विषय घेणार आणि ते तुमच्या इथल्या अभ्यासाला कसे जोडले जातात ते लिहा. निवड झाली की आपली संस्था तुमचं नाव कळवते, त्याला नॉमिनेशन म्हणतात. त्यानंतर तिकडच्या विद्यापीठाच्या पोर्टलवर तुम्ही स्वतः अर्ज करायचा असतो. नॉमिनेशन झालं म्हणजे प्रवेश झाला असं समजून अर्जाची तारीख चुकवणारे विद्यार्थी असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर हे सगळं होतं आणि मे-जूनपर्यंत प्रवेशपत्र यावं.

पासपोर्ट आत्ताच काढून पाहा. परतीच्या तारखेनंतरही काही महिने तो वैध हवा. नूतनीकरण करायचंच असेल तर व्हिसाच्या धावपळीत करू नका.

पैसे

जर्मन व्हिसासाठी तुमच्या राहण्या-खाण्याची सोय आहे हे दाखवावं लागतं. नेहमीचा मार्ग म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट, जर्मनमध्ये ष्पेरकोंटो. सप्टेंबर २०२४ पासून त्याची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. पूर्ण रक्कम आधी भरायची, आणि जर्मनीत पोचून खातं सुरू केलं की ती महिन्याच्या हप्त्यानं तुम्हाला मिळते. घरच्यांना हे नीट समजावून सांगा, कारण पहिल्यांदा ऐकताना ती फी वाटते. पैसे तुमचेच असतात, खर्चही तुमच्याच जेवणाखाण्यावर होतात. मुक्काम वर्षाहून कमी असेल तर किती महिन्यांची रक्कम लागते ते वाणिज्य दूतावासाच्या यादीत पाहा.

युरो १०० रुपयांचा धरला तर ही रक्कम १२ लाखांच्या आसपास जाते. परदेशी पैसे पाठवताना बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. एप्रिल २०२५ पासून तो एका पाठवणाऱ्यामागे आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवरच लागतो, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर टीसीएस नाही. आई आणि बाबा दोघांच्या खात्यांतून रक्कम विभागून पाठवता येते का, हे आपल्या बँकेला आणि ब्लॉक्ड अकाउंट देणाऱ्या कंपनीला विचारा. कापलेला टीसीएस विवरणपत्र भरताना परत मिळवता येतो, म्हणून त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

शिष्यवृत्ती असेल तर चित्रच बदलतं. इरॅस्मस प्लसच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात दरमहा भत्ता आणि प्रवासखर्च मिळतो, मात्र दोन्ही विद्यापीठांनी त्या प्रकल्पात भाग घेतलेला असावा लागतो. बाडेन-व्युर्टेमबर्गमधल्या भागीदार विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी त्या राज्याची 'बाडेन-व्युर्टेमबर्ग श्टिपेंडिउम' आहे, आणि तिचा अर्ज तिकडच्या विद्यापीठातून होतो. डीएएडी, म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, तिचे वेगवेगळ्या शाखांसाठी वेगळे कार्यक्रम आहेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही परदेशातल्या पूर्ण पदवीसाठी आहे, एक्स्चेंजचं नियोजन तिच्यावर करू नका.

आता प्रत्यक्ष खर्च. विद्यार्थी वसतिगृहातली खोली बऱ्याच शहरांत महिना ३०० ते ४५० युरोत मिळते. म्युनिकसारख्या शहरात खासगी खोली याच्या पुष्कळ वर जाते. आरोग्य विमा महिना साधारण १४० ते १६० युरोच्या दरम्यान. विद्यापीठाचं सेमिस्टर शुल्क, ज्याला शिकवणी शुल्क समजू नये, शहरानुसार साधारण १०० ते ४०० युरो, आणि त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पास येतो. शिवाय प्रत्येक घराला महिना १८.३६ युरोचा प्रसारण कर भरावा लागतो. घरात टीव्ही नसला तरीही. खोली सामायिक असेल तर तो वाटून घेता येतो.

पहिला महिना सगळ्यात महाग असतो, कारण अनामत, पहिलं भाडं, सेमिस्टर शुल्क आणि विमा एकदमच येतात आणि ब्लॉक्ड अकाउंटचा हप्ता अजून सुरू झालेला नसतो. दीड ते दोन हजार युरो वेगळे, फॉरेक्स कार्डवर, हाताशी ठेवा.

काम करून खर्च भागवू, हा हिशेब व्हिसासाठी चालत नाही. परवानगी आहे ती वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. एक्स्चेंजच्या वर्षात त्यापेक्षा अभ्यास आणि भाषा यांना वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं.

व्हिसा

९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर राष्ट्रीय व्हिसा, डी प्रकारचा. शुल्क ७५ युरो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या विद्यार्थ्यांचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेता येत नाही, कुणी एजंटनं सांगितलं तरी.

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी दिल्लीच्या एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. त्यात तुमच्या शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी होते आणि तिला वेळ लागतो. काही गटांना त्यातून सूट आहे. तुमच्या एक्स्चेंजला सूट लागू आहे का, याचं उत्तर एपीएसच्या किंवा दूतावासाच्या पानावर स्वतः वाचा आणि शंका असेल तर ईमेलवर विचारून उत्तराची प्रत अर्जाला जोडा. हे प्रवेशपत्र यायच्या आधीच करायचं काम आहे.

अर्जात दोन संस्थांचा करार, आपल्या कॉलेजचं ना हरकत पत्र आणि परत येऊन पदवी पूर्ण करणार असल्याचा उल्लेख असावा. लर्निंग ॲग्रीमेंट नीट असेल तर इथेही त्याचा उपयोग होतो.

खोली

प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी श्टुडिअरेंडनवेर्क या विद्यार्थी कल्याण संस्थेकडे वसतिगृहाचा अर्ज करा. काही विद्यापीठांत एक्स्चेंज विद्यार्थ्यांसाठी राखीव खोल्या असतात, त्याबद्दल तिकडच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारा. वसतिगृह नाही मिळालं तर सामायिक फ्लॅट, ज्याला तिकडे वेगे म्हणतात.

फसवणूक इथे सर्रास होते. मोक्याच्या ठिकाणी स्वस्त खोली, मालक 'सध्या परदेशात', किल्ली कुरिअरनं येणार, आधी अनामत पाठवा. अशा जाहिरातीला उत्तरच देऊ नका. खोली प्रत्यक्ष किंवा ओळखीच्या माणसामार्फत पाहिल्याशिवाय, करार हातात आल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. भाडं विचारताना थंड की गरम हे विचारा: थंड म्हणजे नुसतं भाडं, गरम म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून. अनामत कायद्यानं तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. आणि एक प्रश्न कधीही विसरू नका: या पत्त्यावर नावनोंदणी करता येईल ना? 'नाही' म्हणाले तर ती खोली सोडून द्या. का, ते पुढे येतंय.

बॅग

तूप, पेढे, बर्फी, खवा, श्रीखंड यातलं काहीही नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आंबे आणि ताजा कढीपत्ताही वनस्पती प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजणी हे बिनधास्त न्या, सीलबंद पाकिटात आणि नाव लिहून. डाळ-तांदूळ तिकडे मिळतात, त्यावर किलो वाया घालवू नका. छोटा कुकर नेताना वसतिगृहात कोणती शेगडी आहे ते आधी विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा साधा कुकर चालणार नाही. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, जास्तीत जास्त तीन महिन्यांची. जाड जॅकेट तिकडेच घ्या.

मूळ कागदपत्रं हातातल्या पिशवीत. चेक-इन बॅगेत कधीच नाही.

पहिले पंधरा दिवस

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या नागरिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि तिच्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. बँक खातं, ब्लॉक्ड अकाउंटचा हप्ता, निवास परवाना, सगळं या एका कागदावर टांगलेलं आहे. मोठ्या शहरात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून ती भारतात असतानाच ऑनलाइन घ्या.

मग आरोग्य विमा. विद्यापीठात नाव नोंदवायला तो लागतोच. ३० वर्षांखालच्या विद्यार्थ्याला टेक्निकर, एओके, बार्मर अशा सार्वजनिक विमा संस्थांमध्ये सवलतीचा दर मिळतो. भारतातून घेतलेला प्रवास विमा व्हिसापुरता आणि पहिल्या काही दिवसांपुरता समजा. स्वस्त पडतो म्हणून खासगी विमा घेण्याआधी नीट चौकशी करा, कारण त्यासाठी सार्वजनिक विम्यातून जी सूट घ्यावी लागते ती शिक्षण सुरू असेपर्यंत मागे घेता येत नाही.

व्हिसा तुमच्या मुक्कामापेक्षा कमी मुदतीचा असेल तर परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात तिथली अपॉइंटमेंट मागा. व्हिसा संपायच्या आत अर्ज पोचला पाहिजे.

मोबाइलचा दोन वर्षांचा करार कुणी गळ्यात मारायला आलं तर नको म्हणा. प्रीपेड पुरतं. रुग्णवाहिका आणि अग्निशमनसाठी ११२, पोलिसांसाठी ११०, रात्री-सुट्टीच्या दिवशी तातडीचा नसलेला डॉक्टर हवा असेल तर ११६११७. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच दूध-भाजी आणून ठेवा.

अभ्यास

वेळापत्रकात १० सी.टी. लिहिलं असेल तर वर्ग सव्वादहाला सुरू होतो, एस.टी. असेल तर दहाच्या ठोक्याला. हे कुणी सांगत नाही.

त्याहून मोठी गोष्ट: विषयाला नाव नोंदवणं आणि परीक्षेला नाव नोंदवणं या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे कॉलेज फॉर्म भरून घेतं, नोटीस लावतं, वर्गात येऊन आठवण करतं. तिथे सेमिस्टरच्या मध्येच कधीतरी पोर्टलवर ठरावीक मुदतीत परीक्षा नोंदवायची असते, आणि मुदत गेली की परीक्षेला बसता येत नाही. पूर्ण सेमिस्टर वर्गात बसून क्रेडिट शून्य, असं यामुळे होऊ शकतं. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाच्या परीक्षा नोंदणीची तारीख फोनमध्ये टाका. विषय बदलला तर त्याच आठवड्यात लर्निंग ॲग्रीमेंट सुधारून आपल्या विभागाची लेखी संमती घ्या.

अंतर्गत गुण बहुतेक विषयांत नसतात. सगळं शेवटच्या एका परीक्षेवर किंवा निबंधावर अवलंबून असतं. मानव्य शाखांत सेमिस्टर संपल्यावर मार्चमध्ये द्यायचा पंधरा-वीस पानांचा शोधनिबंध असतो, त्याला हाउसआर्बाइट म्हणतात. पहिला निबंध लिहिण्याआधी प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन विषय आणि आराखडा दाखवा. ते अपेक्षितच असतं, त्यात संकोच वाटायचं कारण नाही. संदर्भ देण्यातली हयगय तिथे कॉपी मानली जाते.

नोव्हेंबर ते जानेवारी कठीण जातो. डिसेंबरात बर्लिनला दुपारी चारच्या आधी सूर्य मावळतो, आणि त्याच्या थोडंच आधी दिवाळीच्या फराळाचे फोटो येऊन गेलेले असतात. या दिवसांसाठी आधीच काहीतरी ठरवून ठेवा: विद्यापीठाच्या क्रीडा केंद्रातला वर्ग, गायनवृंद, भाषेची जोडी जमवणारा उपक्रम. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, त्यांच्या दिवाळीला जरूर जा, मन भरून येतं. पण सगळा आठवडा आपल्याच माणसांत घालवू नका. मेन्झा म्हणजे विद्यार्थी भोजनालयात रोज वेगळ्या टेबलावर बसलात तर ओळखी होतात आणि जर्मनही सुधारतं. मन फारच खचलं तर श्टुडिअरेंडनवेर्कचा समुपदेशन कक्ष असतो, बहुतेक ठिकाणी मोफत. तिथे जायला उशीर करू नका.

निघण्याआधी

जून महिन्यातच आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारा की ट्रान्स्क्रिप्ट कधी मिळेल. शेवटच्या परीक्षेचे गुण नोंदले जायला कित्येक आठवडे लागतात, आणि ते येईपर्यंत तुम्ही भारतात असता. त्यामुळे तिकडून निघताना एक तात्पुरतं प्रमाणपत्र घ्या, ज्यात घेतलेले विषय, क्रेडिट आणि 'निकाल प्रलंबित' अशी नोंद असेल. प्रत्येक विषयाचं वर्णन मॉड्यूल पुस्तिकेतून पीडीएफ करून ठेवा, श्रेणीपद्धती समजावणारं पानही सोबत घ्या. इकडे परतल्यावर हे सगळं परीक्षा विभागात आवक क्रमांकासह द्या आणि पोच घ्या. अंतिम ट्रान्स्क्रिप्ट तिकडच्या विद्यापीठानं थेट आपल्या परीक्षा विभागाला ईमेल करावं, अशी विनंती निघण्यापूर्वीच करून ठेवा.

पत्त्याची नोंदणी रद्द करायची असते, तिला आबमेल्डुंग म्हणतात. निघण्याच्या आधीच्या आठवड्यापासून ती करता येते. तिचा कागद दाखवून विमा आणि प्रसारण कर बंद करा, नाहीतर पत्रं जुन्या पत्त्यावर येत राहतात आणि थकबाकी वाढते. खोली सोडताना भिंतींचे, खिडक्यांचे, स्वयंपाकघराचे फोटो काढा आणि ताबा देताना दोघांच्या सहीचा कागद करा. अनामत हातात पडायला काही महिने लागू शकतात. ती जमा होईपर्यंत तिकडचं बँक खातं बंद करू नका, आणि घरमालकाकडे आपला भारतातला पत्ता व ईमेल लिहून द्या.